माहजाँग आणि रमी येणारी पोरं
आज आमच्या दादरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांचा माहजाँग (टाइल्सचा चिनी खेळ) झाला. शिकवू पाहणाऱ्यांसाठी थोडं.

सगळ्या १४४ टाइल्स पहिल्या दिवशी काढू नका. दोन मुलं, फक्त बांबू या एका रंगाच्या ३६ टाइल्स, हातात प्रत्येकी सात. आठवी आली की दोन संच (तीन सारख्या किंवा ओळीने तीन) आणि एक जोडी (दोन सारख्या) जमली पाहिजे. हे हाताला बसलं की तिन्ही रंग (बांबू, वर्तुळं, अक्षरं) मिळून १०८, चौघं, १३ टाइल्स, आणि चार संच अधिक जोडी. वारे, ड्रॅगन या रंगांबाहेरच्या टाइल्स त्यानंतर. फुलांच्या टाइल्स सगळ्यात शेवटी. १०८ टाइल्सची भिंत (उपड्या टाइल्स दोन-दोन एकावर एक रचून केलेली, तिच्यातून टाइल्स उचलतात) चारही बाजूंना सारखी होत नाही. दोन बाजूंना दोन-दोनच्या १४ थप्प्या आणि दोन बाजूंना १३ लावा, नाहीतर तिथेच भांडण.

रमी येणारी मुलं पटकन शिकतात आणि तिथेच अडकतात. चारची सीक्वेन्स लावतात. इथे सीक्वेन्स तीनचीच. शिवाय ती फक्त डावीकडच्याने टाकलेल्या टाइलवर उचलता येते. तीन सारख्या करायला मात्र कुणाचीही चालते, मग मधल्यांची पाळी जाते. यावर हमखास रडारड!

चार सारख्या लावल्यावर भिंतीच्या मागच्या टोकाची एक जादा टाइल घ्यायची असते, ती पोरं विसरतात. हात एकाने कमी पडतो, म्हणजे तो डाव जिंकणं संपलं. म्हणून टाइल टाकून झाली की हातातल्या मोजायची सवय लावा. एक बांबूवर पक्षी असतो, तो फूल समजून बाजूला जातो, तेही बघा.

टेबलावर जाड चादर हवीच. खालच्या मजल्यावरचे काका दुपारी झोपतात.