तंजावरी चित्र, १० × १२ इंच: अस्तरापासून वर्खापर्यंत

विषय नवनीतकृष्ण, वर्गात एकूण सहा फळ्या, नऊ वर्ग झाले. वर्ख लागला आहे, रंग बाकी आहेत. सहाही फळ्या शेजारी मांडल्या की एक गोष्ट लख्ख दिसते: सोन्यावर जी खोट दिसते ती बहुतेक वेळा सोनं लावताना झालेली नसते. ती दोन-तीन थर खाली, डिंक-पाण्याच्या प्रमाणात किंवा वाळवण्याच्या घाईत झालेली असते. म्हणून ही नोंद त्या खालच्या थरांवर जास्त रेंगाळते.

फळी (वर्ग १)

तमिळमध्ये याला 'पलगै पडम' म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. पूर्वी फणसाचं लाकूड असे, आता प्लायवूड. या मापाला ६ मिमी पुरतं. मांजरपाट गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढायची, कारण खळीच्या कापडात गोंद नीट मुरत नाही. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. कापड चारही बाजूंनी दीड इंच जास्त ठेवून मागे दुमडायचं आणि हवा तळहाताने मधून कडेकडे काढायची.

फळीच्या पाठीलाही याच मिश्रणाचा एक हात द्यायलाच हवा. एकाच बाजूचा लेप वाळला की ती बाजू आकसते आणि फळीला बाक येतो. दोन फळ्यांची पाठ कोरी राहिली होती. तिसऱ्या वर्गापर्यंत त्यांचे कोपरे २ मिमी उचलले. पाठीला हात देऊन, वजनाखाली ठेवून त्या बऱ्याचशा सरळ झाल्या, पण अस्तराला केसाएवढी चीर राहिलीच.

अस्तर (वर्ग २ आणि ३)

बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, दोन्ही वजनाने. रात्रभर भिजवून मलमलमधून गाळायचा. १०० ग्रॅम खडूच्या पुडीला हे डिंकाचं पाणी २५ मिली, फेविकॉल १० मिली, आणि मग साधं पाणी घालत ताकाइतकं पातळ करायचं. चार हात: एक आडवा, एक उभा, पुन्हा तसेच. दोन हातांमध्ये सहा ते आठ तास. शेवटी २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर.

पहिला हात वाळल्यावर बोट घासून बघा. बोटाला पांढरं लागलं तर डिंक कमी आहे. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर डिंक जास्त आहे. डिंक जास्त झालेल्या थरावर पुढचे हात चढवून काही साधत नाही, तो ओल्या फडक्याने पुसून काढावा. एका फळीवर तो तसाच ठेवला गेला आणि आता तिथला वर्ख पापुद्र्यासारखा सुटतो आहे.

आराखडा आणि खडे (वर्ग ४)

कार्बन पेपर नको. त्याची तेलकट रेघ पुढे फिक्या रंगातून वर येते. ट्रेसिंगच्या पाठीला पेन्सिलचं शिसं घासलं की पुरे. जयपुरी खड्यांना मागे चंदेरी मुलामा असतो. गोंद पातळ असेल तर तो मुलाम्याखाली शिरतो आणि खडा काळा पडतो, म्हणून इथे फेविकॉलमध्ये पाणी घालायचं नाही.

उठाव (वर्ग ५ ते ७)

दागिने, महिरप, खांब असे उंचावलेले भाग म्हणजे उठाव. त्याच्या लेपाला सगळे 'मक' म्हणतात. अस्तराचंच मिश्रण, पण साधं पाणी न घालता, श्रीखंडाइतकं घट्ट. महिरपीच्या आणि खांबांच्या रेघांना मेंदीचा कोन, बारीक दागिन्यांना शून्य नंबरचा ब्रश. एका वेळी १ मिमीपेक्षा जाड थर नको, एकूण उंची २ ते ३ मिमी. मोत्यांचे थेंब टाकताना टोक निघालं तर मिश्रण घट्ट आहे. थेंब बसून पसरला तर पातळ.

पंख्याचा झोत थेट फळीवर आला की वरची साय आधी वाळते, आतला ओलावा मागे राहतो आणि उठाव मधोमध फाटतो. सावलीत, स्थिर हवेत २४ तास. पावसाळ्यात ४८ धरा. नखाने टोचून 'टक्' असा कोरडा आवाज आला तरच पुढे जायचं.

वर्ख (वर्ग ८ आणि ९)

२२ कॅरेटचा वर्ख घ्या. पितळी वर्ख काळवंडतो आणि एवढी मेहनत त्याच्याखाली गाडली जाते. खर्च कमी करायचा असेल तर चित्र लहान करा, सोन्यात काटकसर नको.

खिडक्या आणि पंखा बंद. वर्ख मापापेक्षा ३-४ मिमी मोठा कापायचा. उठावावर पातळ फेविकॉलचा एकच हात देऊन दोन-तीन मिनिटं थांबायचं. बोट टेकवल्यावर चिकटलं पण ओलं लागलं नाही, की ती वेळ. ओल्यावर टाकलेला वर्ख सुरकुततो. उशीर झाला तर खोबणीत बसत नाही आणि दोन मोत्यांच्या मधे फाटतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने थोपटायचं, मग बोथट केलेल्या टूथपिकने कडा आत दाबायच्या. खड्यावरच्या वर्खाला ब्लेडने फुली मारून चारही टोकं खड्याच्या बुडाशी खोचायची. फाटलं तिथे लहान ठिगळ चालतं, जोड दिसत नाही.

पुढे

ही शैली तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने (१६७६ ते १८५५) फुलली, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात. तेव्हा रंग खनिज आणि वनस्पतींचे असत. वर्गात पोस्टर कलर आहेत. पार्श्वभूमीचा लाल आधी, मग बाळकृष्णाचं अंग, डोळ्यांच्या रेघा सगळ्यात शेवटी. सोन्यावर वॉर्निश नाही. फ्रेममध्ये काच उठावापासून ६ मिमी दूर राहील अशी पट्टी आत्ताच सांगून ठेवली आहे. पुढच्या वर्गात डिंक जास्त झालेल्या फळीचा सुटलेला वर्ख खरवडून, खालचं अस्तर पुसून, तेवढा भाग पुन्हा उभा करायचा आहे.