डब्याने गिळलेली दोन अक्षरं

आमच्या सर्व्हर रूममध्ये मशिनं चार, पण कीबोर्ड, मॉनिटर आणि माऊस चौघांत मिळून एकेकच. मधे केव्हीएम स्विच, म्हणजे हे तिन्ही हव्या त्या मशिनला जोडून देणारा, आमच्या भाषेत 'डबा'. स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, डबा 'टीं' करतो, मग मशिनचा नंबर दाबायचा. (लिनक्समध्ये २००७ साली आलेलं व्हर्च्युअल मशिनवालं केव्हीएम वेगळं. डब्याचं मॅन्युअल शोधायला गेलं की आधी तेच अंगावर येतं.)

त्या दिवशी तीन नंबरचं, बॅकअपचं मशिन डिस्क बदलण्यासाठी बंद करायचं होतं. नव्याने रुजू झालेल्या पोराला म्हटलं, "तीनवर जा आणि बंद कर." मी जागेवर येऊन बसते न बसते तोच ओरड सुरू झाली, फाइली उघडत नाहीत म्हणून. बंद पडलं होतं दोन नंबर. फाइल सर्व्हर!

"मॅडम, शप्पथ, मी तीनवर गेलो होतो." पोरगा रडकुंडीला आलेला.

बटण दाबून दोन नंबर सुरू केलं. ते चालू होईपर्यंत हा घाबरून तीनवर डोकावून आला, त्याने आणखी एक घोळ झाला. परत दोनवर आलो तर अक्षरं ढब्बू, स्क्रीन १०२४ बाय ७६८. माझ्या पोटात गोळा आला, ग्राफिक्सपण गेलं की काय! तसं काही नव्हतं. आपण कोण आणि आपल्याला किती बारीक चित्र झेपतं ही माहिती मॉनिटर कॉम्प्युटरला देत असतो. तिला ईडीआयडी म्हणतात, तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. आमचा स्वस्तातला डबा ती फक्त समोर निवडलेल्या मशिनलाच पोचवतो. मशिन सुरू होताना मॉनिटर दुसरीकडे वळलेला असला, की ते बिचारं अंदाजाने काम भागवतं. अक्षरं तशीच राहू दिली, फाइली चालू झाल्या होत्या.

संध्याकाळी दोन नंबरवर आधी दिलेल्या कमांड काढून बघितल्या. शेवटून दुसरी ओळ होती 'डू पॉवरऑफ', आणि तिच्याखाली 'सुडो पॉवरऑफ', म्हणजे मशिन बंद करायची खरी कमांड. पहिल्या ओळीतली एस आणि यू ही अक्षरं गेली कुठे? घाईत माणूस अक्षर खातो, पण नेमकी सुरुवातीची दोनच?

पोराला विचारलं, "तीनवर कसा गेलास, दाबून दाखव." त्याने स्क्रोल लॉक दोनदा दाबलं आणि हात काढून घेतला.

"नंबर?"

"नंबर कशाला? आधीच्या ऑफिसात दोनदा दाबलं की झालं."

तिथला डबा दोन मशिनचा. त्यात दुसरं एकच, नंबर कशाला लागतोय! आमचा डबा मात्र 'टीं' करून नंबरची वाट बघत बसला होता. त्याला मिळालं एस. आमच्या डब्यात एस म्हणजे ऑटो स्कॅन, दर पाच सेकंदांनी आपोआप पुढचं मशिन. पुढचं कुठलंही बटण दाबलं की स्कॅन थांबतो, तो यू-ने थांबवला. पाच सेकंद व्हायच्या आतच, म्हणजे गाडी दोनवरच. ही दोन्ही अक्षरं डब्यानेच गिळली, उरलेलं 'डू पॉवरऑफ' मशिनला मिळालं. 'डू'पाशी वाक्यरचना चुकली, अशी तक्रार त्याने केली. पोराला वाटलं टायपिंग चुकलं, म्हणून त्याने सगळं पुन्हा नीट टाइप केलं. मीच स्वतः दाबून बघितलं, तंतोतंत तसंच झालं.

आता खरी लाजेची गोष्ट. दोन्ही मशिनांचं नाव 'लोकलहोस्ट', युझर तोच, पासवर्डही तोच. ही आळशी करणी माझी, त्यामुळे पोराला बोलायला मला तोंडच नव्हतं. त्याच रात्री चारही मशिनांना वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड दिले, प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीला, ते नाव रंगीत केलं. डिस्कही बदलली.

मशिन खरंच बदललं की आमचा मॉनिटर सेकंद-दोन सेकंद काळा पडतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हल्ली तो नंबर दाबून हात मांडीवर ठेवतो, स्क्रीन काळी होऊन परत उजळली की मगच टायपिंगला लागतो.