तुम्ही विचारलेत म्हणून : माझी जागा स्वीपच्या पुढे

"तुम्ही तीनचाकीवाल्यांचा वेगळा ग्रुप का काढत नाही?" हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारला जातो, पेट्रोल पंपावर विचारला जातो, आणि आपल्या मोटरसायकल ग्रुपच्या राईडची तारीख ठरली की कोणीतरी मुद्दाम फोन करून, अगदी आपुलकीने, तोच पुन्हा विचारते. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते हे मी जाणते. परंतु इतकी वर्षे तोच प्रश्न ऐकल्यावर त्यातून मला "तुम्ही आमच्यात का येता?" एवढेच ऐकू येऊ लागले आहे, आणि आजवर मी त्याला नुसते हसून वेळ मारून नेत आले. या वेळी नीट उत्तर देते.

माझ्या गुडघ्याची हकिगत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. न सांगण्याला दुसरेही कारण आहे. गुडघ्याचा विषय निघाला की वाद तिथेच संपतो. "अहो, त्यांचे ऑपरेशन झाले आहे" असे कोणीतरी हळूच म्हणते आणि सगळे एकदम समजूतदार होतात. आपल्याकडे महाराष्ट्रात स्कूटरला जोडचाके दिसली की लोक आधी चालवणाऱ्याच्या पायांकडे बघतात, तीच नजर आपण इथे व्हर्जिनियातही बरोबर आणली आहे. ती नजर मायेची असली तरी तिच्या आधाराने मिळालेली जागा मला माझी वाटत नाही. शिवाय ते पूर्ण सत्यही नाही. गुडघा नसता तर मी स्पायडर, म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली ही गाडी, घेतली नसती हे खरे, पण आज गुडघा ठणठणीत झाला तरी मी ती विकणार नाही, हेही तेवढेच खरे आहे.

"ती मोटरसायकल नव्हे, बिनछपराची मोटार आहे" असे जे म्हणतात, त्यांच्यासाठी थोडे. अमेरिकेच्या केंद्रीय वाहन-सुरक्षा नियमांत मोटरसायकलची व्याख्या अशी आहे की जिला चालकासाठी सीट अथवा खोगीर आहे आणि जी जमिनीला टेकलेल्या जास्तीत जास्त तीन चाकांवर चालते ती. हार्ले-डेव्हिडसनने सर्व्हि-कार नावाची तीनचाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत बनवली आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरली. २००९ च्या मॉडेलपासून त्याच कंपनीने ट्राय ग्लाइड नावाची तीनचाकी बाजारात आणली. हार्लेवर बसून तीन चाकांना मोटरसायकल न मानणाऱ्यांनी निदान आपल्याच कंपनीचा इतिहास नाकारू नये. अर्थात, कायद्याच्या व्याख्येने समोरून येणारा रायडर डावा हात खाली सोडून दोन बोटे दाखवत नाही, हे मलाही कळते. काही जण दाखवतात, काही जण माझ्या पुढच्या दोन चाकांकडे बघतात आणि हात हँडलवरच ठेवतात.

चालवण्यातला फरक मी लपवत नाही. दुचाकीवर वेगात उजवीकडे वळायचे तर उजवे हँडल किंचित पुढे ढकलायचे असते, मग गाडी झुकते आणि वळण आपोआप पोटात घेते. स्पायडर झुकत नाही. हँडल उजवीकडे फिरवले की ती उजवीकडे जाते, आणि त्याच क्षणी शरीर बाहेरच्या बाजूला फेकले जाते, म्हणून खांदे आत घ्यावे लागतात, बाहेरचा पाय फूटपेगवर रोवावा लागतो आणि घाटाच्या शेवटी दंड भरून येतात. दुचाकी चांगली चालवणारा माणूस पहिल्या दिवशी या गाडीवर हमखास अडखळतो, कारण त्याच्या हातांना उलटे शिकायचे असते. मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनने तीन चाकांसाठी वेगळा प्राथमिक कोर्स ठेवला आहे तो याचमुळे. तोल सांभाळावा लागत नाही म्हणजे काहीच करावे लागत नाही, असे ज्यांना वाटते त्यांना मी माझी किल्ली आनंदाने देईन, मात्र आधी रिकाम्या पार्किंगमध्ये.

आता तुमच्या बाजूचे. ग्रुपमध्ये आपण लेनमध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे अशी एकाआड एक मांडणी ठेवतो. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंद आणि नाकासमोरच्यापासून दोन सेकंद, हे आपले नेहमीचे अंतर. माझी गाडी सुमारे दीड मीटर रुंद आहे, त्यामुळे पुढचा रायडर लेनच्या डाव्या बाजूला असो वा उजव्या, माझ्या दृष्टीने तो नाकासमोरच असतो, आणि माझ्या मागच्याच्या दृष्टीने मीही. मांडणी माझ्यापाशी तुटते आणि माझ्यामागे नव्याने सुरू होते. खड्डा आला तर तुम्ही हातभर सरकता; माझ्या चाकांच्या तीन रेषा असतात आणि एक चुकवताना दुसरी त्यात जाते. कोणी मागे रेंगाळत माझ्या बाजूला आला तर त्याला द्यायला माझ्याकडे जागा नसते. या अडचणी खऱ्या आहेत. त्या सांगणाऱ्यांवर माझा कधीच राग नव्हता.

राग आला तो त्या ऑक्टोबरच्या राईडमध्ये, आणि त्याविषयी मी आजवर कोणाशीही सविस्तर बोललेले नाही.

फ्रंट रॉयल गावातल्या पंपावर आपण जमलो होतो. ढग होते, पण पाऊस नव्हता. ब्रीफिंग, म्हणजे निघण्यापूर्वीच्या सूचना, चालू असतानाच दोघांनी आपले रेनकोट माझ्या पुढच्या डिकीत ठेवले, कारण त्यांच्या गाड्यांना बॅगा नव्हत्या, आणि मला खरोखर बरे वाटले होते; सामान ठेवायला दिले म्हणजे आपल्याला सोबतीत धरले, असे मी मनात म्हटले. स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर माझी जागा शेवटून दुसरी होती, मागे फक्त स्वीप, म्हणजे ग्रुपच्या अगदी शेवटी राहणारा रायडर. पानगळीचे दिवस असल्याने मोटारींची रांग होती, वेगमर्यादा ताशी ३५ मैलांची, आणि त्या वेगात माझी गाडी कोणाला जड होण्याचा प्रश्नच नव्हता. मग एका वळणानंतर पुढची मोटार हरणासाठी थांबली. सगळ्यांनी ब्रेक लावले. माझ्या गाडीला हाताचा ब्रेक नाही; एकच पेडल तिन्ही चाके धरते, आणि ओल्या पानांवरही ती सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली. मागून स्वीप आला तो माझ्या उजव्या बाजूने. त्याचे हँडल माझ्या कोपराजवळ येऊन थांबले. त्याचा पाय रस्त्याकडेच्या गवतात टेकला होता आणि व्हायझरच्या आत त्याचे डोळे मी पाहिले. लागले कोणालाच नाही. हरीण निघून गेले, आपणही निघालो.

थॉर्नटन गॅपच्या खिंडीत थांबल्यावर राईडची जबाबदारी असलेले रोड कॅप्टन माझ्याकडे आले. "ताई, आता तुम्ही स्वीपच्या मागून या. तुम्हालाही दडपण नको, आम्हालाही," असे ते म्हणाले. बाकीचे हेल्मेट काढून पाणी पीत होते, आणि ज्यांनी ऐकले त्यांनी न ऐकल्यासारखे केले. मी "बरं" म्हटले. खरे तर मला विचारायचे होते की एक सेकंदाचे अंतर कोणी ठेवले होते. स्वीपने माझ्यामागे तेच अंतर ठेवले जे तो दुचाकीमागे ठेवतो, म्हणून तो माझ्या बाजूला आला. अंतर वाढवणे हा त्यावरचा उपाय होता. उपाय म्हणून मला हलवले गेले. परंतु माझ्या ब्रेकने एक माणूस गवतात गेला होता हे मी नुकतेच पाहिले होते, आणि त्या क्षणी माझ्याच्याने वाद घालवला नाही.

स्वीप म्हणजे शेवटचा, त्याच्या मागे ग्रुपचे कोणी नसते, आणि म्हणूनच सर्व जण पोहोचले की नाही हे त्याच्या शब्दावर ठरते. मला त्याच्या मागे ठेवताना हे कोणाच्या लक्षात आले नसेल, असे मी आजही मानते. २११ क्रमांकाच्या महामार्गाच्या उतारावर पाऊस सुरू झाला. एका थांब्यावरून एक भलीमोठी कॅम्परव्हॅन निघाली आणि स्वीप आणि मी यांच्या मधे शिरली. लुरे गावाजवळ रस्ता दोन वाटांनी जातो, एक गावात आणि एक बाहेरून. तुम्ही गावात वळलात. मला व्हॅनच्या पाठीपलीकडे काहीच दिसत नव्हते, हॉटेलचे नाव ठाऊक होते पण वाट ठाऊक नव्हती, आणि मी बाहेरच्या रस्त्याने पुढे गेले. बरेच पुढे गेल्यावर एका पंपाच्या छपराखाली थांबून डिकीतला फोन काढला, तेव्हा त्यावर एकच संदेश होता: "ताई, कुठे आहात? आमचे रेनकोट तुमच्याकडे आहेत."

नंतर कळले ते असे. स्वीप पोहोचला, सगळे आले म्हणून सांगितले, टेबले जोडली गेली, जेवण मागवले गेले. पाऊस वाढल्यावर त्या दोघांना रेनकोट आठवले आणि रेनकोटामुळे मी आठवले. मी परत आले, डिकी उघडून त्यांचे रेनकोट त्यांच्या हातात दिले, जेवले, आणि काहीही बोलले नाही. तुम्ही सर्वांनी पुन्हा पुन्हा क्षमा मागितलीत. तीही खरी होती.

त्या रात्री कॅप्टनचा फोन आला. त्यांनी आपले म्हणणे शांतपणे मांडले: बारा जणांची जबाबदारी असताना ज्या गाडीचा अंदाज मागच्याला येत नाही ती मागे ठेवणे हेच त्यांना सुचले. मी म्हटले, "अंदाज येत नाही, कारण ब्रीफिंगमध्ये माझ्या गाडीविषयी कोणी एक वाक्यही बोलत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, पण प्रत्येक राईडला एका गाडीसाठी मांडणी बदलायची का?" या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. छोट्या टाकीच्या गाडीसाठी आपण पेट्रोलचे थांबे बदलतो, नव्या रायडरसाठी वेग कमी करतो, आणि कोणी कुरकुर करत नाही. पण नवा रायडर एक दिवस जुना होतो. माझी गाडी कधीही अरुंद होणार नाही.

पुण्यात आरएक्स १०० चालवणारी माझ्यातली मुलगी अशा वेळी कॅप्टनच्या बाजूने बोलते. तिच्या मते पावसात, वळणावर, दोन टायरांच्या तळहाताएवढ्या भागावर झुकून राहण्याची जी जोखीम सगळे मिळून घेतात तीच माणसांना एकत्र बांधते. जिला ती जोखीम नाही ती सोबत असली तरी त्यात नाही. मी तिला सांगते की हरीण माझ्याही समोर आले होते, उघड्यावर मीही तेवढीच बसलेली असते, मोटारवाल्याला आरशात तुम्ही दिसत नाही तशी मीही दिसत नाही. ती ऐकून घेते. पण झुकण्याचा तो आनंद आठवला की तिचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे शब्द राहत नाहीत, आणि खोडून काढावे असे मला वाटतही नाही.

वेगळा ग्रुप मी का काढत नाही, याचे उत्तर तरीही सोपे आहे: माझी माणसे तुम्ही आहात. तीन चाकांमुळे मला नवी माणसे शोधायची नाहीत. मला स्वीपच्या पुढे जागा हवी आहे, माझ्यामागच्याने पूर्ण दोन सेकंद ठेवावेत असे ब्रीफिंगमध्ये नाव घेऊन सांगितलेले हवे आहे, आणि थांब्यावर गाड्या लावताना दोन गाड्यांएवढी जागा सोडलेली हवी आहे. हे माझ्या गुडघ्यासाठी मागत नाही, गाडीसाठी मागते.

हे आता लिहिण्याचे कारणही सांगते. आपल्यातल्याच एकाच्या धाकट्या भावाने रायकर घेतली आहे, पुढे दोन चाके आणि मागे एक, माझ्या गाडीचीच लहान बहीण. तरुण आहे, पाय धडधाकट आहेत, दुचाकी कधी चालवलेली नाही आणि चालवायची इच्छाही नाही. त्याला ही गाडी आवडली, बस्स. एप्रिलच्या राईडला येऊ का, असे त्याने मला विचारले आहे, कारण कॅप्टनना विचारायला तो बिचकतो. त्याच्याविषयी कोणी हळूच "ऑपरेशन झाले आहे" म्हणू शकणार नाही. मी त्याला ये म्हणून कळवले आहे आणि कॅप्टननाही तसे सांगितले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.