तुम्ही विचारलेत म्हणून : औषधानेच दुसरा कर्करोग होतो का?

मुलाचा शेवटचा डोस संपतो, हातातली नळी निघते, आणि आईवडील दारापर्यंत जाऊन परत वळतात. लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करताना हा प्रश्न मला बहुधा त्याच क्षणी विचारला जातो : "डॉक्टर, या औषधांमुळेच पुढे दुसरा कॅन्सर होतो म्हणतात, खरं आहे का?" आणि उत्तराची वाट न पाहता, जरा खालच्या आवाजात, "मग तुम्ही ती दिलीत कशाला?"

होय, ते खरे आहे. मात्र ते थोड्या मुलांच्या बाबतीत घडते. येथे आजार उलटणे वेगळे आणि दुसरा कर्करोग वेगळा, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. उलटतो तो पहिलाच आजार, त्याच पेशींचा. दुसरा कर्करोग हा वेगळ्या पेशींमध्ये नव्याने सुरू झालेला असतो, आणि पहिला आजार बरा झालेला असतानाही तो उद्भवू शकतो.

'केमोमुळे' हा शब्द मला नेहमी अपुरा वाटतो, कारण केमो म्हणजे एक औषध नव्हे. सायक्लोफॉस्फामाइड किंवा आयफॉस्फामाइड ही औषधे डीएनएच्या धाग्यांना रासायनिक गाठी मारतात; ती गाठ सोडवता आली नाही की पेशी मरते, आणि कर्करोगाची पेशी मरावी म्हणूनच ती दिलेली असतात. परंतु अस्थिमज्जेतील निरोगी मूळपेशींनाही तोच मार बसतो. त्यांतील बहुतेक सावरतात किंवा मरतात. क्वचित एखादी चुकीच्या दुरुस्तीसह जगते आणि वाढत राहते. अशा पेशीतून होणारा रक्ताचा कर्करोग साधारणपणे पाच ते दहा वर्षांनी दिसतो, त्यात पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा तुकडा अथवा ते संपूर्ण गुणसूत्रच हरवलेले आढळते, आणि त्याआधी बरेचदा काही काळ रक्तातील पेशींची संख्या घटत जाते. इटोपोसाइडची तऱ्हा निराळी आहे. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी पेशीतले एक विकर (एन्झाइम) तो धागा कापून पुन्हा जोडत असते. हे औषध जोडण्याचे काम अडवते. तुटलेली टोके कधी भलत्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतात, विशेषतः अकराव्या गुणसूत्रावरील एका ठरावीक जनुकाजवळ, आणि मग साधारण एक ते तीन वर्षांतच, रक्तपेशी घटण्याची पूर्वसूचना न देता, ल्युकेमिया म्हणजेच रक्ताचा कर्करोग उभा राहतो. उलट व्हिनक्रिस्टिन डीएनएला हातच लावत नाही. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून वेगळी करणाऱ्या तंतूंवर ते काम करते, त्यामुळे या पापात त्याचा वाटा नगण्य आहे.

औषध कसे दिले, यानेही फरक पडतो. रक्ताचा कर्करोग झालेल्या सातशेहून अधिक मुलांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. इटोपोसाइडच्या कुळातील औषधे ज्यांना आठवड्यातून एकदा किंवा दोनदा सातत्याने दिली होती, त्यांच्यात सहा वर्षांत दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाचा धोका सुमारे १२ टक्के निघाला. ज्यांना ती दिली नव्हती, किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने अथवा केवळ सुरुवातीला दिली होती, त्यांच्यात तो दोन टक्क्यांहून कमी होता. ही मुले आम्हा डॉक्टरांना जे शिकवून गेली, त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, हे मी विसरू शकत नाही.

तरीही सर्वांत मोठा वाटा केमोचा नव्हे, रेडिएशनचा आहे. मानेवर दिलेल्या किरणांनंतर थायरॉइडचा, छातीवर दिलेल्या किरणांनंतर मुलींमध्ये स्तनाचा, डोक्यावर दिलेल्यांनंतर मेंदूच्या आवरणाच्या गाठींचा धोका वाढतो, आणि हे सगळे बहुधा दहा, वीस, तीस वर्षांनी, म्हणजे रुग्णालय विस्मरणात गेल्यावर. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या आणि पाच वर्षे जगलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा केला गेला, तेव्हा त्वचेचे सौम्य कर्करोग वगळता तीस वर्षांत शंभरातील सुमारे आठ जणांना दुसरा कर्करोग झाला होता. नंतर उपचार बदलले. सत्तरच्या दशकात ७७ टक्के मुलांना रेडिएशन मिळत होते, नव्वदच्या दशकात ३३ टक्के. आणि पंधरा वर्षांतील दुसऱ्या कर्करोगाचे प्रमाण २.१ वरून १.३ टक्क्यांवर आले.

मग दिली कशाला? इविंग सार्कोमा या हाडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेतो. केवळ शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनवर भिस्त होती तेव्हा दहांतील जेमतेम एक मूल वाचत असे. आज आजार पसरलेला नसेल तर सुमारे सात वाचतात, आणि ती वाचवणाऱ्या औषधांत आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड हीदेखील आहेत. या हिशेबापुढे माझा हात थांबत नाही. पण ज्या एका मुलाला पुढे दुसरा कर्करोग होतो, त्याच्या आईसमोर टक्केवारी मांडण्यात अर्थ नसतो, हेही मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आईवडील स्वतःला दोष देतात. काही मुलांमध्ये जन्मतःच एखादे जनुक बिघडलेले असते : आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे डोळ्याच्या कर्करोगात, आरबी१; आणि ली-फ्रॉमेनी सिंड्रोम या घराण्यात अनेक कर्करोग होण्याच्या आनुवंशिक विकारात टीपी५३. अशा मुलांना उपचारांशिवायही दुसरा कर्करोग होऊ शकतो आणि रेडिएशनने तो धोका वाढतो, म्हणून शक्य तेथे ते टाळले जाते. घरातल्या कोणाला तरुणपणी कर्करोग झाला होता का, असे आम्ही पहिल्याच भेटीत खोदून विचारतो ते यासाठी.

काही वर्षांपूर्वी सव्वीस वर्षांची एक तरुणी मानेतील गाठ घेऊन आली. लहानपणी तिला 'गाठीचा आजार' झाला होता, एवढेच तिला घरून सांगितले गेले होते. जुनी फाइल मिळवायला आम्हाला तीन आठवडे लागले. तो हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग होता, आणि रेडिएशन मान व छाती दोन्हींवर दिलेले होते. थायरॉइडचा कर्करोग वेळेत सापडला आणि शस्त्रक्रियेने ती बरी झाली. परंतु छातीवर किरण घेतलेल्या मुलींची मॅमोग्राफी आणि एमआरआय वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून, किंवा किरणांनंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी व्हायला हवी असते. तिची एकही झाली नव्हती. घरच्यांवर मी रागावलो नाही. त्यांना तिला भीतीपासून दूर ठेवायचे होते. तिने मला एवढेच विचारले, "माझ्याच शरीराचं मला कोणी सांगितलं का नाही?"

तेव्हापासून उपचार संपलेल्या प्रत्येक मुलासाठी मी एक पान स्वतः लिहितो : आजाराचे पूर्ण नाव, प्रत्येक औषध आणि त्याची एकूण मात्रा, रेडिएशन कोठे आणि किती, कोणती तपासणी कोणत्या वयापासून करायची. दोन प्रती आईवडिलांकडे देतो. मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की तपासणीच्या वेळी तेच पान त्याच्या हातात ठेवतो आणि आईवडिलांच्या देखत त्याला मोठ्याने वाचायला सांगतो. अडखळेल तेथे मी थांबतो आणि तो शब्द समजावून सांगतो.