पाळकगृहाचा पत्ता आणि नेपाळचा प्रवास

नेपाळला जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही. त्यामुळे तिथल्या एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) पुढाऱ्यांच्या शिबिरात शिकवायला बोलावलं तेव्हा घरात आणि चर्चमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, "तुम्हाला काय पाळकसाहेब, उठायचं आणि जायचं." पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक लागतंच. माझ्या वयाच्या माणसाचं आधार तिथे चालत नाही. मतदार कार्ड माझ्या जुन्या चार्जच्या, म्हणजे नेमणुकीच्या, गावचं, त्यावरचा फोटो इतका पुसट की तो माझाच आहे हे मलाही सिद्ध करता आलं नसतं. म्हणून १५०० रुपये भरून पासपोर्टचा अर्ज केला. पोस्टातल्या सेवा केंद्रात बोटांचे ठसे, फोटो, कागद सगळं तासाभरात झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पोलीस पडताळणीची. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी पाळकगृहात, म्हणजे चर्चने पाळकाला राहायला दिलेल्या घरात, राहतो. घर माझं नाही, भाड्याचंही नाही. बदली झाली की सामान बांधायचं आणि पुढच्या चार्जवर जायचं, हे आम्हा पाळकांना नवीन नाही. पोलीस ठाण्यात मात्र सरळ प्रश्न आला, "घर कोणाच्या नावावर?" ट्रस्टच्या. "मग भाडेकरार द्या." भाडंच नाही तर करार कुठला? "वीजबिल?" वीजबिलावर अजून जुन्या मिशनचं नाव, जे मिशन कारभार आवरून कधीच परत गेलं. "घरपट्टी?" तीही ट्रस्टच्या नावावर. आधारवर पत्ता बदलून घेतलेला होता, पण बदल ताजा होता. हवालदारांनी तारीख बघितली आणि नकारार्थी मान हलवली. चर्चच्या लेटरहेडवर सचिवांचं पत्र नेलं, तर "हे तुमचं तुम्हीच लिहिलेलं" म्हणून बाजूला सारलं. तीस-चाळीस वर्षं या गावात मंडळीतल्या लोकांची लग्नं आणि अंत्यविधी ज्या वास्तूतून होत आले, त्या वास्तूत राहणाऱ्या माणसाला पत्ता नाही! कागद पुढे सरकेना. जेव्हा जावं तेव्हा संबंधित साहेब बंदोबस्ताला. शेवटी वास्तव्याचा पुरावा अपुरा, असा शेरा मारून अहवाल गेला. मग विभागीय पासपोर्ट कार्यालयाची चौकशीची अपॉइंटमेंट, तिथे तोच खुलासा, आणि पडताळणी पुन्हा त्याच टेबलावर.

सुटका झाली ती शेड्यूल वनच्या, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीच्या, उताऱ्याने. आपले चर्च-ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले असतात आणि धर्मादाय कार्यालयात ट्रस्टच्या मिळकतींची नोंद असते. त्या उताऱ्यात पाळकगृहाचा उल्लेख होता. त्याला माझ्या नेमणुकीचा आदेश आणि विश्वस्तांचा ठराव जोडला. शेजारचे दुकानदार आणि समोरच्या निवृत्त शिक्षिका स्वतः ठाण्यात येऊन सही करून गेल्या. बाई तिथे ठणकावून म्हणाल्या, "रोज पहाटे यांच्या अंगणातला दिवा आधी लागतो, मग आमचा. अजून काय पुरावा पाहिजे?" दोघेही आमच्या धर्माचे नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून पाळकबंधूंनो, चार्ज घेतल्या घेतल्या बँकेच्या पासबुकावर नवा पत्ता घालून घ्या. पोस्टपेड मोबाईलचं बिलही उपयोगी पडतं. निमंत्रण येण्याची वाट बघू नका.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. हो, एक राहिलंच: धर्मप्रचाराच्या पुस्तिकांचे गठ्ठे नेऊ नका. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या कलम २६ प्रमाणे कोणाचं धर्मांतर करणं मना आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाने तर जास्तच जपावं, कारण आपण विमानाने परत येतो आणि चौकशीला तोंड यजमान मंडळी देते. मी फक्त मंडळीच्या इमारतीत आणि फक्त विश्वासी पुढाऱ्यांनाच शिकवलं.

शिकवायला बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र निवडलं होतं. विखुरलेल्या, संख्येने थोड्या असलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं ते पत्र तिथे समजावून सांगावं लागत नाही. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ख्रिस्ती १.७६ टक्के. महाराष्ट्रात २०११ ला आपण एक टक्क्याच्याही आत होतो, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतले चेपांग या तिथल्या आदिवासी समाजाचे एक वडीलधारे पुढारी चकित होऊन म्हणाले, "मग तुम्हीही आमच्यासारखेच!" त्यानंतर प्रश्न मोकळेपणाने येऊ लागले. सगळ्यात जास्त प्रश्न दफनभूमीचे. काठमांडूत पशुपतीजवळच्या श्लेष्मांतक जंगलात दफन करायला २०११ मध्ये बंदी आली, तेव्हापासून माणूस गेला की जागेचा शोध सुरू होतो. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही त्यावर प्रार्थना केली आणि शेजाऱ्यांशी आधीपासून संबंध कसे राखावेत यावर बराच वेळ बोललो. ठाण्यात आलेल्या बाईंची गोष्ट मी तिथेही सांगितली.

उपासना शनिवारी असते, सुट्टी त्या दिवशी म्हणून. चपला बाहेर, बैठक जमिनीवर. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, खुर्ची आनंदाने देतात. हिंदी बहुतेकांना कळते, डोंगराकडच्या स्त्रियांना कमी, त्यामुळे दुभाषा मागून घ्या आणि वाक्यं छोटी ठेवा. भारतीय एक रुपया म्हणजे तिथले एक रुपया साठ पैसे, हिशोब सोपा आहे.

परत आल्यावर चर्चच्या पंच कमिटीत विषय काढला. यापुढे नवीन पाळक येतील त्या दिवशीच नेमणुकीचा आदेश, शेड्यूल वनचा उतारा आणि वास्तव्याचा ठराव एका फाइलमध्ये घालून त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलं आहे. वीजबिलावरचं नाव बदलण्याचा अर्जही गेला आहे. त्याचा पाठपुरावा मीच करतो आहे.