तुम्ही विचारलंत म्हणून: अजिनोमोटो खाल्लं तर चालतं का?

मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते हे कुणाला कळलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, तोही आवाज जरा खाली आणून, जसं काही मी आतली बातमी फोडणार आहे. "ते अजिनोमोटो खरंच वाईट असतं का हो?" इतक्या जणांना उत्तर देऊन झालंय की म्हटलं आता एकदाच लिहून टाकू.

आधी नावाचा घोळ. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजेच एमएसजी, आणि पाकिटावर बऱ्याचदा नुसता 621 हा नंबर असतो. एमएसजी ज्यापासून बनतं ते ग्लुटामिक ॲसिड 1866 मध्ये रिटहाउझेन या जर्मन केमिस्टने गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळं केलं म्हणून ते नाव. 1908 मध्ये तोक्योत किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या रश्शाला चव कशाने येते हे शोधलं तर तिथेही हेच निघालं, त्या चवीला त्यांनी उमामी म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची पावडर विकायला आली. आज ते उसाच्या मळीवर किंवा स्टार्चपासून केलेल्या साखरेवर बॅक्टेरिया वाढवून करतात. "केमिकल आहे ना पण?" असं विचारणाऱ्यांना मी सांगते, हो आहे, मीठही आहे.

नुसतं चाखून बघितलंय कधी? बारीक सुईसारखे पांढरे चकचकीत खडे असतात, जिभेवर ठेवले तर अर्धवट खारट आणि खरं सांगायचं तर फारसं बरं लागत नाही. पण गरम पाण्याचे दोन कप घ्या, दोन्हीत सारखं मीठ, एकात याची चिमूट. साधा कप म्हणजे खारट पाणी, संपलं. दुसऱ्याला एकदम रश्शासारखा भरीवपणा येतो, जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं आणि गिळल्यावरही चव रेंगाळते. पिकलेला टोमॅटो, मशरूम, जुनं मुरलेलं चीज यांच्यात जी ओढ असते ती बरीचशी हीच, आणि शरीराला ग्लुटामेट टोमॅटोतून आलं का डबीतून हे कळायला काही मार्ग नाही.

मग भीती आली कुठून? 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी, रॉबर्ट हो मान क्वोक त्यांचं नाव, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला एक पत्र लिहिलं, की तिथल्या चायनीज हॉटेलात जेवलं की थोड्या वेळाने मानेमागे बधिर होतं, धडधडतं, गळून गेल्यासारखं वाटतं. त्यांनी संशय बऱ्याच गोष्टींवर घेतला होता, सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्तीचं सोडियम, आणि एमएसजी. लोकांच्या लक्षात शेवटचं एकच राहिलं. पुढच्याच वर्षी उंदरांवरचा अभ्यास आला, मेंदूला इजा वगैरे, पण त्यात नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना कातडीखाली मोठ्या डोसची इंजेक्शनं दिलेली होती. जेवणातून आलेलं ग्लुटामेट बहुतेक सगळं आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून जाळून टाकतात, रक्तापर्यंत फार कमी पोचतं. इंजेक्शन आणि घास यांत फरक आहे हो.

पण माझ्या नणंदेला हे सगळं सांगून काही उपयोग नाही. "वहिनी, माझं डोकं दुखतं म्हणजे दुखतं." आणि ते खोटं नाहीच! दुखतंच तिचं. माझा वाद एवढाच की कशाने दुखतं हे तिने आधीच ठरवून टाकलंय. म्हणून आम्ही चार संध्याकाळी सूपचा प्रयोग करायचा ठरवला, कधी अर्धा चमचा एमएसजी घालून कधी न घालता, आणि कुठल्या दिवशी काय ते नवऱ्याने चिठ्ठीवर लिहून स्वतःकडे ठेवायचं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, चिठ्ठीत निघालं साधं सूप. दुसऱ्या दिवशी काही नाही, त्यात एमएसजी होतं. तिसऱ्या दिवशी दुखलं पण ती दुपारी जेवलीच नव्हती, म्हणजे तो दिवस बाद. चौथ्या दिवशी बाईसाहेबांनी सूपच प्यायचं नाकारलं. याला पुरावा म्हणत नाही मी, एक माणूस आणि तीन दिवस, त्यातही एक बाद.

खरे अभ्यास याच पद्धतीने झालेत, फक्त नीट. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्याला त्रास होतो असं सांगणारे 130 जण घेतले, रिकाम्या पोटी 5 ग्रॅमपर्यंत दिलं, आणि पुन्हा पुन्हा तपासल्यावर टिकून राहणारा परिणाम अगदी मोजक्यांतच सापडला. काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 3 ग्रॅम किंवा जास्त, तेही जेवणाशिवाय, घेतलं तर काही जणांना तात्पुरतं डोकं दुखणं, मुंग्या येणं, तोंड लाल होणं असं होऊ शकतं. पण वरून घातलेलं एमएसजी दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम पोटात जातं असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेचा, अंदाज आहे, आणि प्रोटीनमधूनच येणारं ग्लुटामेट 13 ग्रॅम!

संस्थांचंही एकमत नाही बरं का. डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये मर्यादा ठरवायची गरजच नाही म्हटलं, तर युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, 2017 मध्ये वजनाच्या किलोमागे 30 मिलिग्रॅम धरली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 1.8 ग्रॅम. मला विचाराल तर मी एमएसजीपेक्षा मिठाकडे बघते. मिठात सोडियम 39 टक्के, एमएसजीत 12, आणि जी पाकिटं आपण एमएसजीसाठी बदनाम करतो त्यांत ब्लड प्रेशरवाल्याने खरं घाबरावं असं मीठच असतं.

परवा नणंद मोठ्या अभिमानाने चिप्सचं पाकीट घेऊन आली, पुढे ठळक अक्षरात 'नो एमएसजी'. मी ते उलटं करून मागचं वाचून दाखवलं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. दोन्हीत मोकळं, म्हणजे प्रोटीनमध्ये न अडकलेलं, ग्लुटामेट असतंच, चवीसाठीच घालतात ते. तिने ऐकून घेतलं, तोवर अर्धं पाकीट संपलं होतं, आणि बोटं चाटत म्हणाली, "पण याने नाही ना दुखत डोकं."