गुणाकार पगाराचा की शिलकीचा?

परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं की घरातला पहिला हिशेब ठरलेला असतो: तिकडचा पगार गुणिले आजचा विनिमय दर. उत्तर डोळे दिपवणारं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांना कळलेलं असतं. तिकडे पोचल्यावर तोच गुणाकार उलट्या दिशेनं सुरू होतो. दुकानात हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात आपल्या चलनात करून बघायची आणि वस्तू परत फळीवर ठेवायची. गणित दोन्ही वेळा अचूक असतं, पण त्यावरून तिथं आपण कसे जगणार आहोत हे काही कळत नाही. आणि या गणिताच्या भरवशावर लोक घर विकतात, मुलांची शाळा बदलतात, म्हाताऱ्या आई-वडिलांपासून किती लांब जायचं ते ठरवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

विनिमय दर चलनांच्या बाजारात ठरतो. व्याजदर, गुंतवणुकीचा ओघ, आयात-निर्यात, पुढं काय होईल याचे अंदाज, हे सगळं त्यात येतं. तुमचे केस कापणाऱ्या माणसाचा दर त्यात कुठंच नसतो. त्याच पैशात कुठं किती मिळतं, हे बघणारी कल्पना वेगळी आहे, तिला क्रयशक्तीची तुल्यता म्हणतात. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये तिला हे नाव दिलं. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून एकाच बर्गरची वेगवेगळ्या देशांतली किंमत मांडून तीच गोष्ट सोपी करून दाखवतं.

पण मला सर्वांत उपयोगी वाटलेला विचार बेला बलाशा आणि पॉल सॅम्युअलसन या दोघांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. फोन, लॅपटॉप, कपडे यांसारख्या जहाजात भरून कुठंही नेता येणाऱ्या वस्तूंच्या किमतीत देशादेशांत त्या मानानं कमी फरक असतो. केस कापणं, नळ दुरुस्त करणं, मूल सांभाळणं, आजाऱ्याची शुश्रूषा करणं हे मात्र जहाजातून येत नाही. ते तिथल्याच माणसानं तिथंच करायचं असतं. ज्या देशात कारखान्यांची उत्पादकता खूप वाढलेली असते तिथं कामगारांचे पगार वाढतात आणि त्यांच्या मागोमाग केस कापणाऱ्याचाही दर वाढतो, कारण त्याला पुरेसे पैसे मिळाले नाहीत तर तो दुसऱ्या कामाला जाईल. त्याची कात्री पूर्वीपेक्षा जोरात चालत नाही, तरीही.

यातून स्वतःसाठी विचारायचा प्रश्न निघतो: मी दर महिन्याला दुसऱ्याचे किती तास विकत घेतो? स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या एकट्या माणसाला श्रीमंत देश अनेकदा झेपतो, कारण त्याच्या खर्चात वस्तू जास्त आणि माणसांचा वेळ कमी असतो. घरकामाला, स्वयंपाकाला, गाडी चालवायला माणसं असण्याची सवय असलेल्या कुटुंबाला तोच देश अंगावर येतो. ती कामं तिथं एकतर स्वतः करायची, नाहीतर त्यांचे जबरदस्त पैसे मोजायचे. स्वतः केली तरी ती फुकट पडत नाहीत. रविवार जातो, पाठ दुखते, आणि हा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मूल झालं की सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. स्वीडनमध्ये २००२ पासून पाळणाघराच्या शुल्काला उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा आहे. बर्लिनमध्ये २०१८ पासून पाळणाघराचं मूळ शुल्क सगळ्या वयाच्या मुलांसाठी माफ आहे. स्वित्झर्लंडमध्ये मात्र दोन मुलांचं पूर्णवेळ पाळणाघर घरभाड्याच्याही पुढं जाऊ शकतं. म्हणजे एकट्यानं राहायला फायद्याचं असलेलं शहर चौघांसाठी तोट्याचं निघू शकतं, आणि पगार कमी असलेलं दुसरं शहर त्यांना जास्त सुखाचं ठरू शकतं.

जगातल्या महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी बातम्यांत येतात आणि घरून लगेच विचारणा होते. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी त्यातली एक. दोनशेहून अधिक शहरं, प्रत्येक ठिकाणी दोनशेहून अधिक वस्तू आणि सेवांचे भाव, आणि न्यूयॉर्क हा मोजमापाचा पाया. २०२४ मध्ये तीत हाँगकाँग, सिंगापूर आणि झुरिक वर होते. पण ही यादी नेमकी कुणासाठी आहे ते समजून घ्यायला हवं. कंपनीनं दुसऱ्या देशात पाठवलेल्या अधिकाऱ्याला किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावं यासाठी ती बनते. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं अंगोलातलं लुआंडा या यादीत पहिलं होतं. तिथली बहुसंख्य जनता गरीब आहे. महाग होतं ते परदेशी अधिकाऱ्यांचं जगणं: पहारा असलेलं घर, आयात केलेल्या वस्तू, आंतरराष्ट्रीय शाळा. पुढं तिथलं चलन कोसळलं आणि शहर यादीत झपाट्यानं खाली आलं. या याद्या उपयोगाच्या आहेत, फक्त तुमचं राहणीमान त्या अधिकाऱ्यासारखं असणार आहे का, हे आधी बघा.

करांबद्दलही असंच होतं. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, तर उत्तर युरोपात पगारातून मोठा वाटा कापला जातो. नुसतं हे ऐकून निर्णय घेऊ नका. कापलेल्या पैशांत काय येतं ते बघा: शाळा, दवाखाना, बेकारी भत्ता, निवृत्तिवेतन. कर नसलेल्या देशात शाळेची फी आणि विमा पुष्कळदा स्वतःच्या खिशातून जातात. शिवाय सरकारला पैसे घेण्याच्या इतरही वाटा असतात. सौदी अरेबियानं जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी मासिक शुल्क लावलं आणि ते टप्प्याटप्प्यानं २०२० पर्यंत चौपट केलं. बायको-मुलांना मायदेशी परत पाठवायची वेळ कितीतरी घरांवर आली. पगारपत्रकावरचा आकडा तोच होता, पण घर दोन देशांत विभागलं गेलं. याचा मला आजही त्रास होतो. ब्रिटनमध्ये बहुतेक कामाच्या व्हिसांसाठी आरोग्यसेवेचा अधिभार व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी एकदम, अर्ज करतानाच भरावा लागतो, तोही घरातल्या प्रत्येकाचा. स्वित्झर्लंडमध्ये आल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येकाला स्वतंत्र आरोग्य विमा घ्यावाच लागतो, आणि मूळ विम्याचा हप्ता उत्पन्नावर ठरत नाही.

घरभाड्यात तर शब्द नीट वाचावे लागतात. जर्मनीतल्या जाहिरातीत दिसणारं भाडं बऱ्याचदा 'थंड' असतं, म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, इमारतीची देखभाल धरलेली नसते. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत घेता येते. बिनफर्निचरचं घर म्हणजे कित्येकदा ओटा आणि सिंकही नसलेलं घर. हे सगळं पहिला पगार हातात पडायच्या आधी उभं करायचं असतं. त्यामुळं महिन्याचा ताळेबंद कितीही चांगला दिसला तरी सुरुवातीचे काही महिने साठवलेल्या पैशावरच निघतात.

तक्त्यांत कधीच न येणारा मोठा खर्च म्हणजे दुसरं घर. आपण परदेशात राहतो तेव्हा दोन ठिकाणी राहतो. मायदेशीच्या कर्जाचे हप्ते चालू असतात, आई-वडिलांची औषधं चालू असतात, आणि कुणी आजारी पडलं की ऐन वेळेचं विमानाचं तिकीट काढावंच लागतं, ते कितीला पडेल याचा विचार त्या क्षणी कुणी करत नाही. या तिकिटासाठी वेगळी रक्कम बाजूला असावी, असं माझं ठाम मत आहे. ती रक्कम घरच्या खर्चाचाच भाग धरा, उरलेल्या पैशांत मोजू नका.

मग गुणाकार करायचाच नाही का? करायचा, पण सगळ्यात शेवटी. कर, भाडं, विमा, पाळणाघर, खाणं, प्रवास, ते बाजूला ठेवलेलं तिकीट, सगळं तिथल्याच चलनात वजा करा. जे उरतं आणि मायदेशी जाणार आहे, त्याला विनिमय दरानं गुणा. तो पैसा खरोखरच मायदेशी खर्च होणार असतो, म्हणून तिथं हे गणित लागू पडतं. त्यातही पाठवण्याची किंमत असते. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार अलीकडच्या वर्षांत जगभरात छोटी रक्कम पाठवायला सरासरी ६ टक्क्यांहून थोडं अधिक जातं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ते २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलं आहे. 'शुल्क शून्य' असं लिहिलेलं असलं तरी कमी दर लावून पैसे घेतले जातात, म्हणून घरच्या खात्यात शेवटी किती पडले एवढीच तुलना करायची. आणि दर स्थिर राहील असं धरू नका. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेनं फ्रँक युरोसमोर फार महाग होऊ नये म्हणून घातलेली मर्यादा उठवली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. फ्रँकमध्ये पगार घेणाऱ्यांची शिल्लक वाढली, फ्रँकमध्ये कर्ज काढलेल्यांचं ओझं वाढलं.

राहिला दुसरा पगार. दोघं कमावत असतील आणि एकाच्याच नोकरीसाठी जायचं असेल, तर जोडीदाराला तिथं काम करता येईल का, हे पगाराच्या आकड्याच्या आधी विचारा. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय कामाचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला लगेच काम करता येतं. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या धारकांच्या जोडीदारांपैकी काहींनाच, २०१५ पासून, वेगळी परवानगी मिळू लागली, आणि ती मुख्यतः हिरव्या कार्डाच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत पुढं गेलेल्या कुटुंबांना. बुडालेला पगार हिशेबात धरता येतो. थांबलेलं करिअर, बंद पडलेली भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि काही वर्षांनी परत नोकरी शोधताना द्यावी लागणारी उत्तरं, हे सगळं कोणा एकाच्या वाट्याला येतं, आणि बहुतेक वेळा ते बायकोच्या वाट्याला येतं. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोघांनी एकत्र बसून हा ताळेबंद मांडावा, आणि त्यातला तिचा रकाना तिनंच भरावा.